ओठ हलले म्हणून

मी पहिल्यांदा नापास झाले ती उत्तरं चुकली म्हणून नाही. ओठ हलले म्हणून.

रायपुरात, पंडरी भागात, एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर परीक्षा केंद्र आहे. एसी इतका की बोटं आखडतात. समोर स्क्रीन, स्क्रीनच्या डोक्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठल्यातरी शहरात बसून माझ्या थोबाडाकडे बघणारा निरीक्षक. त्याचं नाव कळत नाही, आवाज येत नाही. तो फक्त लिहितो. ‘कृपया बोलू नका.’ मी बोलत नव्हते, प्रोग्राम वाचत होते. थोड्या वेळाने परत, ‘आपले ओठ हलत आहेत. ही शेवटची सूचना.’ मी ओठ आवळले. पुढचा प्रश्न उघडला, त्यात लांबलचक प्रोग्राम होता, मी त्याच्यात शिरले. आणि एकदा शिरले की बाहेरचं मला काही कळत नाही. स्क्रीन पांढरी झाली. ‘आपली परीक्षा रद्द करण्यात आली आहे.’

मी खुर्चीतच म्हणाले, “रद्द करणाऱ्याच्या...” पुढचं लिहीत नाही. पण म्हणाले मोठ्याने. आता कोण अडवणार होतं?

खारून सिमेंटचा सगळा माल कोणत्या गावाला किती गेला, कोणत्या कामगाराचा किती पगार निघाला, हे आजही एका जुन्या मशीनवर चालतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, कोबॉल नावाची भाषा. ती भाषा माझ्याहून म्हातारी आहे. तिथले निम्मे प्रोग्राम माझ्या हातचे. कंपनी विकली गेली, नवे मालक आले, आणि नव्या मालकांनी नियम काढला की जुन्या मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर दिवाळीला करार संपेल तेव्हा काम हैदराबादच्या एका कंपनीकडे जाईल. आयुष्यभर ज्या घरात स्वयंपाक केला त्या घरात चूल पेटवायची परवानगी आता कॅमेऱ्याकडून आणायची. मी म्हटलं ठीक आहे, आणते. मला हे काम सोडायचं नव्हतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मला दुसरं काही येत नाही आणि हे फार चांगलं येतं.

एचआरला अभिनव वैरागडे आहे. मूळ भंडाऱ्याचा पोरगा, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो.

“मॅडम, वो लोग बोल रहे हैं, आप किसी से बात कर रही थीं.”

“कोणाशी करीन? तिथं भिंत होती. भिंतीशी?”

“लिप मूवमेंट रिकॉर्ड हुआ है, मॅडम.”

“अरे बाबू, मी वाचत होती.”

“तो मन में पढ़िए ना.” पोरगा वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की हे सोपं आहे. “एक अटेम्प्ट और है. उसके बाद ये एक्झाम ही बंद हो रही है. पुराना प्लॅटफॉर्म है ना.”

म्हणजे परीक्षाही माझ्याबरोबरच निवृत्त होणार होती.

घरी, समता कॉलोनीत, मी मनात वाचायचा सराव सुरू केला. आरशासमोर बसले. ओठ बंद, डोळे कागदावर. नमुन्याचे प्रश्न घेतले आणि एकामागून एक चुकवले. जे प्रश्न मी तोंडाने वाचून झोपेत सोडवले असते, ते मनात वाचून चुकत होते. का, ते कळायला वेळ लागला. मनात वाचलं की मी प्रोग्राम जसा असायला हवा तसा वाचते. तोंडाने वाचलं की जसा आहे तसा. मनात डोळे लबाडी करतात, राहिलेली ओळ स्वतःच भरून टाकतात. तोंडाला ते जमत नाही. जे लिहिलेलं नाही ते तोंडातून निघत नाही.

ही खोड मला तात्यापारा मोहल्ल्यात लागली. श्यामरावजींच्या घरी.

तेव्हा रायपूर मध्यप्रदेशात होतं आणि इथे कॉम्प्युटर शिकवणारं धड कोणी नव्हतं. नागपूरला क्लास होते, पण नागपूरला कोण पाठवतो? माझ्या बापाने सांगितलं होतं, पोट्टीच्या जातीने बी.कॉम. केलं ते पुष्कळ झालं. श्यामराव ठवकर रेल्वेत हिशेब विभागात होते. ते पासवर नागपूरला गेले आणि कोबॉलचं एक जाडं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. त्या एका पुस्तकावर आम्ही चौघं जगलो. श्यामरावजी, विम्याच्या ऑफिसातले नरेश ढोमणे, माझ्या शेजारची, ब्राह्मणपाऱ्यातली लता, आणि मी. आमचं इंग्रजी दिव्य. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात ‘एन्व्हायरन्मेंट डिव्हिजन’ आलं तर लता म्हणाली, “हे झाडं लावायचं काय आहे व?” आम्ही डिक्शनरी पाहिली. डिक्शनरीतही झाडंच निघाली.

पुस्तक होतं, मशीन नव्हतं. मशीन खारून सिमेंटच्या ऑफिसात, काचेच्या खोलीत. त्याला एसी, माणसांना पंखा. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. श्यामरावजींनी तिथल्या मॅनेजरच्या हातापाया पडून आमच्यासाठी रविवारचा एक तास मिळवला होता. चौघांत एक तास. एक टिंब चुकलं की तास गेला, पुढच्या रविवारपर्यंत बसा बोंबलत. म्हणून प्रोग्राम मशीनवर न्यायच्या आधी तो घरीच चालवून बघायचा, अशी युक्ती निघाली. मशीन नाही तर आपणच मशीन व्हायचं.

श्यामरावजी फाइल झाले. जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापून कोऱ्या बाजूवर गाव आणि पोती लिहायचे, आणि मागितली की एक चिठ्ठी वाचायचे. एकच. लता टोटल. तिने बेरीज डोक्यात धरायची, कागद घ्यायचा नाही. नरेशभाऊंनी मागचं गाव कोणतं होतं ते लक्षात ठेवायचं (पहिल्या चिठ्ठीला ‘तेच’ म्हणायचं), आणि सांगितलं की पाटीवर छापायचं. मी प्रोग्रामची एकेक ओळ वाचायची, कारण माझा आवाज खणखणीत.

“वाच.”

“धमतरी, चाळीस,” श्यामरावजी म्हणायचे.

“मागचं गाव तेच का?”

“तेच,” नरेशभाऊ.

“टोटलमधी टाक.”

“टाकले,” लता.

“वाच.”

“धमतरी, पंचवीस.”

“मागचं गाव तेच का?”

“तेच.”

“टोटलमधी टाक.”

“टाकले.”

“वाच.”

“महासमुंद, साठ.”

“मागचं गाव तेच का?”

“बदललं!” नरेशभाऊ असे ओरडायचे जसं गाव नाही, सरकार बदललं.

“टोटल छाप.”

“पासष्ट,” लता.

“टोटल शून्य कर.”

“केली बाप्पा शून्य.”

“आता हे टाक.”

“टाकले साठ.”

“वाच.”

चिठ्ठ्या संपल्या की श्यामरावजी रिकामे हात उलटे करून दाखवायचे आणि म्हणायचे, “संपलं गा.” तो शब्द ऐकला की आतून गॅस पेटल्याचा आवाज यायचा. श्यामरावजींच्या बायको, गोदावरी वहिनी, चहा ठेवायच्या. त्यांना कोबॉलशी घेणं नव्हतं, पण फाइल कधी संपते ते त्यांना आमच्याइतकंच कळायचं.

पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा आम्ही चहा पिऊन खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी लता तणतणत आली. “मले काल झोप नाही आली. महासमुंदचे साठ पोते माझ्याजवळच राहिले. कोणी मांगितलेच नाही.” आणि तिचं खरं होतं. गाव बदललं की टोटल छापायची, असं आम्ही लिहिलं होतं. शेवटच्या गावानंतर गाव बदलतच नाही, फाइल संपते. त्याची टोटल कोणी मागत नाही. ही चूक जगात प्रत्येक नवशिक्या करतो. बाकीच्यांना ती मास्तर दाखवतो. आम्हाला लताने दाखवली, साठ पोती डोक्यावर घेऊन रात्रभर तळमळून. त्यानंतर प्रत्येक वेळी श्यामरावजींनी “संपलं गा” म्हटलं की ती उठणाऱ्या सगळ्यांना दटावायची, “अन् माझे साठ कोण घेईन?”

ते दिवस फार सुंदर होते वगैरे मी म्हणणार नाही. लाइट जायची, डास फोडून खायचे, आणि चौघांपैकी दोघांनाच त्या शिक्षणाची नोकरी मिळाली. मला सिमेंटमध्ये, नरेशभाऊंना एका बँकेत. लता सरकारी ऑफिसात टायपिस्टची टायपिस्टच राहिली. श्यामरावजी आमच्या सगळ्यांत हुशार, ते रेल्वेत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निघाले, कारण रेल्वेत बढतीला कागद लागायचा आणि तो त्यांच्याकडे नव्हता. प्रमाणपत्र हो. तेव्हाही तोच कागद आणि आजही तोच कागद. म्हणून मला त्या दिवसांची आठवण आली की आधी संताप येतो. मग ती कॅलेंडरची चिठ्ठी आठवते, पाठीमागे अर्धा गणपती, आणि संताप धड टिकत नाही.

श्यामरावजी दोन उन्हाळ्यांपूर्वी गेले.

दुसऱ्या परीक्षेची तारीख आली तेव्हा मी नरेशभाऊंना फोन केला. त्यांनी लताला केला. रविवारी दुपारी आम्ही तात्यापाऱ्यात जमलो. खाली आता मोबाइल कव्हरची दुकानं झाली आहेत, जिना तोच. गोदावरी वहिनींनी दार उघडलं आणि आम्हाला बघून म्हणाल्या, “या. मशीन बिघडली काय?”

मी सगळं सांगितलं. नरेशभाऊंनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि तोडगा काढला. “तोंडात सुपारी धर. ओठ हलनच नाही.”

“चघळलं तरी बाहेर काढतात, भाऊ.”

“मंग पाणी धर.”

“अन् शिंक आली त?” लता म्हणाली. “कॅमेऱ्यावर उडवीन का? तुमी तं राहूच द्या.” मग माझ्याकडे वळली. “तू काहून बोलते पण? तुले तं फक्त तुझं बोलायचं होतं. आमचं आम्ही बोलत होतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे आमचंही तूच बोलून राहिली आता. एकटीच चौघांचं. कोणाचेही ओठ हलतीन व बाई.”

हे मला सुचलं नव्हतं. ती बरोबर होती, नेहमीसारखी, आणि मला तिचा नेहमीसारखा राग आला. ऑफिसात एकटी पडल्यापासून मी चौघांचंही बोलत होते. “वाच” मी, “धमतरी चाळीस” मी, “बदललं” मी.

लताने आज्ञा सोडली. मी गप्प बसायचं, फक्त ओळीवर बोट ठेवायचं. बाकीचे आपापलं बोलतील. फाइल कोण होणार, हे कोणी विचारलं नाही. वहिनी आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातून चिठ्ठ्या घेऊन आल्या. त्याच. पिवळ्या पडलेल्या, कडा मऊ झालेल्या. आम्ही बघत राहिलो तर म्हणाल्या, “अशा काय पायता? दोरा गुंडाळाले कामी येते म्हणून ठेवल्या.”

खोटं बोलत होत्या. एकाही चिठ्ठीवर दोरा नव्हता.

पहिल्या फेरीला माझे ओठ हललेच. लताने स्केलपट्टी हातात घेतली. “हालले! उचल बोट. पहिल्यापासून.” दुसऱ्या फेरीलाही हलले. नरेशभाऊ म्हणाले, “तो निरीक्षक परवडला, तो मारत तं नाही.” पाचसहा फेऱ्यांनंतर माझे ओठ मिटलेले राहायला लागले, पण तोपर्यंत त्यांचे आवाज चालू होते. मग लताने त्यांचेही आवाज कमी करायला लावले. पुढच्या रविवारी आणखी कमी. शेवटच्या रविवारी तर आम्ही चौघं म्हातारे चटईवर बसून एक शब्द न बोलता धमतरी आणि महासमुंदला सिमेंट पाठवत होतो. मी बोट सरकवायची. वहिनी चिठ्ठी उलटायच्या. नरेशभाऊ भुवई उडवायचे, म्हणजे बदललं. लता मान हलवायची, म्हणजे टाकले. शेजारची माया साखर मागायला आली आणि दारातच थांबली. “काकी, काय झालं? कौन गुजर गया?”

“कोई नहीं,” वहिनी म्हणाल्या. “पढ़ाई चल रही है.”

शेवटची चिठ्ठी उलटली आणि वहिनींनी रिकामे हात उलटे करून दाखवले. अगदी त्यांच्यासारखे. उठल्या, आत गेल्या, आणि गॅस पेटल्याचा आवाज आला. आम्ही कोणीच एकमेकांकडे बघितलं नाही. नरेशभाऊ कानातलं यंत्र काढून उगाच पुसत बसले.

परीक्षेला मी लाल साडी नेसून गेले. का, विचारू नका. केंद्रात तोच एसी, तोच कॅमेरा. निरीक्षक बहुतेक दुसरा असेल, बायको-पोरांच्या पोटासाठी राबणारा कोणी गरीब. त्याच्यावर माझा राग नाही. राग ज्याने ठरवलं की वाचणाऱ्या माणसाचे ओठ हलता कामा नयेत, त्याच्यावर. त्याला कधी चौघांत एक पुस्तक मिळालं नसणार.

सोपे प्रश्न सोपे गेले. काही तर इतके बावळट की पेपर काढणाऱ्याने हे मशीन फोटोतच पाहिलं असावं. मग तो आला. लांब प्रोग्राम, खाली यादी. पूर्व विभाग इतका माल, पूर्व विभाग इतका, दक्षिण इतका. प्रश्न एकच, या प्रोग्रामने छापलेली शेवटची ओळ कोणती? चार पर्याय. मनाने लगेच सांगितलं, दक्षिणची टोटल. असंच असायला हवं. पर्यायात ती होतीही, पहिल्याच नंबरावर, वाट बघत.

मी हात आवरला. ओठ मिटले. पहिल्या ओळीवर नजर ठेवली आणि गप्प बसले, जसं चटईवर बसायची.

वाच, हे मी म्हटलं नाही. तरी ते बोलले. श्यामरावजी. दोन वर्षांत मला त्यांचा आवाज कधी आठवला नव्हता, चेहरा यायचा, आवाज येत नव्हता. तो इथे आला, त्या गोठलेल्या खोलीत, नाकातला, किंचित घोगरा. पूर्व, अमुक. नरेशभाऊ म्हणाले, तेच. लता म्हणाली, टाकले. दक्षिण, तमुक. बदललं! छापलं. शून्य केलं. दक्षिणचं टाकलं. आणि मग त्यांनी हात उलटे केले.

संपलं गा.

मी पुढच्या ओळीवर गेले. पुढे प्रोग्राम बंद होत होता. टोटल छापायची ओळ नव्हती. परत पाहिलं. नव्हती. आणि लता बसून होती, दक्षिणचा सगळा माल डोक्यावर घेऊन, कोणी मागत नव्हतं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. ‘कृपया चेहऱ्यावरून हात काढा.’ माझा हात डोळ्यांकडे गेला होता. मी तो खाली घेतला आणि टेबलावर ठेवला. डोळ्यांतून जे येत होतं ते येऊ दिलं. त्याबद्दल त्यांच्या नियमात काही नसावं, कारण निरीक्षकाने पुढे काही लिहिलं नाही. ओठ मिटलेले होते. मी पूर्व विभागावर खूण केली.

निकाल तिथल्या तिथे लागतो. उत्तीर्ण. खाली बारीक अक्षरांत, प्रमाणपत्र तीन वर्षे वैध. म्हणजे तीन वर्षांनी माझ्या डोक्यातलं आपोआप पुसलं जाणार, अशी त्यांची समजूत आहे. केंद्रातल्या पोरीने प्रिंट काढून दिली. अभिनवला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “काँग्रॅट्स मॅडम.” आणि मग, थोड्या वेळाने, मोडक्या मराठीत लिहिलेलं, “खूप छान झाला काकू.” काम हैदराबादला जाणार नव्हतं.

मी रिक्षा केली ती घरी नाही, तात्यापाऱ्यात. तिघंही बसलेली होती. जसं काही कोणाचं ऑपरेशन चालू आहे.

“झालं?” वहिनींनी विचारलं.

“झालं.”

“ओठ?” नरेशभाऊ.

“नाही हालले.”

लताने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शिक्का पाहिला, माझं नाव पाहिलं, चुकलं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, “तो आला होता का? आपला?”

“आला होता. शेवटची टोटल छापतच नव्हता. तेच उत्तर होतं.”

“म्हणजे राहिलेच माझ्याजवळ.”

“राहिले.”

“मंग आता घे ना व. का इथंही कॅमेरा लावू?”

नरेशभाऊ पाटी शोधायला लागले. पाटी कधीच फुटली होती. मी लताच्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं.

“यावर?” ते दचकले. “अव्वा, हे तं...”

“मागची बाजू कोरी आहे, भाऊ. लिहा.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, माचिस हातात. मी पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात, ओठ पार कानापर्यंत हलवत म्हटलं,

“महासमुंद. टोटल सांग.”

“साठ,” लता म्हणाली.

“छाप.”